परवाना कुणाच्या हाती?

चेन्नईच्या गिंडीत अण्णा विद्यापीठ आहे, १९५८ची औद्योगिक वसाहत आहे आणि हमरस्त्यालगत ग्रँड चोलासारखं पंचतारांकित हॉटेलही आहे. पण गिऱ्हाइकांना नावानिशी ओळखणारा आणि वेळ आली तर तिरुनंगैंच्या, म्हणजे ट्रान्स स्त्रियांच्या, बाजूने उभा राहणारा नाक्यावरचा बार तिथे निघणं अवघड. याचं कारण माणसांच्या मनापेक्षा परवान्याच्या कागदात जास्त आहे. तमिळनाडूत २००३पासून दारूची किरकोळ विक्री ‘टास्मॅक’ या सरकारी महामंडळाकडे आहे. दुकानाला लागून असलेल्या बारचा ठेका लिलावात जातो, बाकीचे परवाने प्रामुख्याने क्लबांना आणि हॉटेलांना मिळतात. आज आहे उद्या नाही अशा ठेकेदाराने कुणासाठी पोलिसांशी वाकडं घ्यावं? हॉटेलांचं म्हणाल, तर जुलै २०१८मध्ये, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७चा निकाल लागायच्या थोडंच आधी, चेन्नईतल्या एका हॉटेलच्या क्लबमधून एकत्र नाचणाऱ्या दोन मैत्रिणींना बाहेर काढल्याची तक्रार झाली होती.

म्हणून तमिळनाडूतली लढाई गल्ल्याऐवजी सचिवालयात आणि न्यायालयात लढली गेली. १५ एप्रिल २००८ रोजी देशातलं पहिलं ट्रान्सजेंडर कल्याण मंडळ तिथे स्थापन झालं. तिरुनंगै ग्रेस बानू यांनी अभियांत्रिकी महाविद्यालयाचं दार उघडायला लावलं. के. प्रीतिका याशिनी यांना पोलीस उपनिरीक्षक व्हायचं होतं, पण अर्जात त्यांच्यासाठी रकानाच नव्हता. २०१५मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला.

मुंबईचा इतिहास वेगळा, आणि तो खरोखरच बारमधून जातो.

हिजड्यांच्या कमाईचे मार्ग ठरलेले होते: बधाई (शुभप्रसंगी आशीर्वाद देणं), मंगती (भीक मागणं) आणि धंदा (देहविक्रय). डान्सबारने काहींना चौथा मार्ग दिला. ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी त्यांपैकी एक. भरतनाट्यम शिकलेल्या लक्ष्मी मुंबईच्या बारमध्ये नाचत. २०१२मध्ये प्रसिद्ध झालेलं ‘मी हिजडा, मी लक्ष्मी!’ हे त्यांचं आत्मकथन मराठी वाचकांना परिचित आहे. बारमालक काही समाजसेवक नव्हता. त्याला नाचणारी हवी होती, गिऱ्हाईक टिकवणारी हवी होती आणि रोजचा गल्ला हवा होता. जन्माच्या दाखल्यावर काय लिहिलंय याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. ही बेफिकिरीही काहींसाठी आधार ठरली, हे मान्य करायला आपल्याला जड जातं.

२००५मध्ये राज्याचे गृहमंत्री आर. आर. ऊर्फ आबा पाटील यांनी डान्सबारची ‘छमछम’ बंद करायचं ठरवलं. मुंबई पोलीस अधिनियमात ३३अ आणि ३३ब ही दोन कलमं घातली गेली. पहिल्याने खानावळ, परमिट रूम आणि बिअर बारमधल्या सर्व प्रकारच्या नृत्यावर बंदी आणली, तर दुसऱ्याने तारांकित हॉटेलं आणि जिमखाने वगळले. म्हणजे नाच वाईट नव्हता, स्वस्तातला नाच वाईट होता. आबांचा हेतू प्रामाणिक असेलही. कायद्याची मांडणी मात्र वर्गभेदाची होती.

बंदीविरोधात बारबाला रस्त्यावर उतरल्या. वर्षा काळे यांच्या नेतृत्वाखाली त्यांची युनियन लढली. लक्ष्मींनीही निदर्शनं संघटित केली. मुंबई उच्च न्यायालयाने २००६मध्ये बंदी रद्द केली आणि १६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. पंचाहत्तर हजारांवर स्त्रियांचा रोजगार गेल्याचा उल्लेख त्या निकालात आहे, रोगापेक्षा औषधच भयंकर ठरल्याचा शेराही आहे.

इथे थोडं थांबायला हवं. बंदी सर्व प्रकारच्या नृत्यावर होती, म्हणजे ती लक्ष्मींसारख्यांनाही लागू झाली. मात्र नुकसानीचा हिशेब झाला तो स्त्रियांचा. सरकार स्त्रियांच्या प्रतिष्ठेबद्दल बोलत होतं, विरोधक त्यांच्या पोटापाण्याबद्दल. २०१६मध्ये नवा कायदा आला, त्याच्या लांबलचक नावातही महिलांच्याच प्रतिष्ठेचं संरक्षण होतं. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्याही अनेक अटी रद्द केल्या. एवढ्या साऱ्या वादंगात बारमध्ये नाचणाऱ्या हिजड्याला बेरोजगार म्हणूनसुद्धा जागा मिळाली नाही.

ट्रान्स व्यक्तींना आपलं म्हणवणारी माणसंही नेहमी त्यांची नव्हती. मुंबईतल्या काही समलिंगी पार्ट्यांच्या नियमांत स्त्रीवेशात यायला मनाई असे. पोलिसांची धाड पडली तर आधी साडीवालीकडे बोट जाणार, ही भीती. भीती खरी होती, पण किंमत मोजायची ती सर्वांत उघड दिसणाऱ्यानेच.

न्यूयॉर्कचं स्टोनवॉल इन हा समलिंगींचा बार आज तीर्थक्षेत्र मानला जातो. जून १९६९मध्ये तिथे पोलिसांची धाड पडली आणि गिऱ्हाईक उलटलं, त्यात ट्रान्स स्त्रियाही होत्या. तो बार मात्र माफियाचा होता, दारूचा परवानाही त्याच्याकडे नव्हता. तिथलं प्रेम गिऱ्हाइकांनी एकमेकांवर केलेलं, मालकाने नव्हे.

म्हणून चांगल्या मालकाची वाट पाहण्यात मला अर्थ वाटत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४च्या नालसा निकालाने आपलं लिंग आपण ठरवण्याचा हक्क मान्य केला; त्या खटल्यात लक्ष्मीही होत्या. २०१९च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती कायद्याने तो हक्क जिल्हाधिकाऱ्याच्या प्रमाणपत्राला बांधला, आणि समाजाचा राग ओढवून घेतला. पण याच कायद्याच्या तिसऱ्या कलमाने सार्वजनिक सेवा नाकारायला मनाई केली आहे, आणि अठराव्याने सार्वजनिक जागी अडवणाऱ्याला सहा महिने ते दोन वर्षं कैद सांगितली आहे. दारात अडवलेली व्यक्ती त्याच रात्री पोलीस ठाण्यात जाऊन हे कलम लावून घेईल, अशी अपेक्षा करणं मात्र भाबडेपणाचं.

बारमालक फौजदारी कलमाला भीत नाही, तो परवान्याला भितो. महाराष्ट्रात तो परवाना राज्य उत्पादन शुल्क विभाग देतो आणि दरवर्षी त्याचं नूतनीकरण होतं. छमछम बंद करण्यासाठी विधिमंडळाने दोन कलमं लिहिली होती. आता परवान्याच्या अटींत एकच ओळ घालावी: ट्रान्सजेंडर व्यक्तीला प्रवेश किंवा काम नाकारलं, तर नूतनीकरण नाही. चेन्नईत तर सरकार स्वतःच विक्रेता आहे. गिंडीतल्या टास्मॅकच्या बारचा पुढचा ठेका निघेल, तेव्हा निविदेतही ही ओळ असावी.