अणु-सांतत्यक सदृशीकरण
घन पदार्थाच्या काही भागाचे अणूंच्या पातळीवर व उरलेल्या भागाचे संतत माध्यम (सांतत्यक) मानून संगणकाने एकत्रित गणित करण्याची पद्धती. १ मायक्रोमीटर बाजूच्या तांब्याच्या घनात सु. ८,५०० कोटी अणू असतात व १ मिमी. बाजूच्या घनात त्यांच्या १०० कोटी पट. एवढ्या अणूंचे गणित संगणकाच्या आवाक्याबाहेर आहे. उलट, रेषीय स्थितिस्थापकता सिद्धांतानुसार तीक्ष्ण तड्याच्या टोकाशी प्रतिबल अनंत येते. तेथे अणुबंध कसे तुटतात, हे त्यावरून कळत नाही. म्हणून टोकाजवळील प्रत्येक अणू विचारात घेतात आणि दूरच्या भागासाठी सांत घटक पद्धती वापरतात. टॅडमोर, ऑर्टिझ व फिलिप्स यांनी १९९६ मध्ये मांडलेल्या पद्धतीत दूरच्या भागातील निवडक अणूंचीच स्थाने काढतात. मधल्या अणूंची स्थाने अंतर्वेशनाने ठरवितात.

खरी अडचण दोन भागांच्या सीमेवर येते. अणूवर काही अंतरापर्यंतच्या शेजारी अणूंच्या प्रेरणा कार्य करतात, तर सांतत्यकातील प्रतिबल त्या-त्या बिंदूपाशी असलेल्या विकृतीवरच अवलंबून असते. या विसंगतीमुळे अविकृत स्फटिकातही सीमेवर खोट्या प्रेरणा उद्‌भवू शकतात. तसेच तडा वाढताना निघणाऱ्या आखूड तरंगलांबीच्या लहरी विरळ जाळीत शिरू शकत नाहीत. त्या परावर्तित होऊन अणुभाग कृत्रिम रीत्या तापवितात. म्हणून सीमा दूर सरकविल्यावरही उत्तर बदलत नाही, हे पडताळून पाहणे आवश्यक ठरते.