वादळ ओसरल्यावर ज्येष्ठांना काय लागते?

नैसर्गिक आपत्तीच्या बातम्यांत पहिल्या दोन दिवसांचे वर्णन विस्ताराने येते. तिसऱ्या दिवसापासून बातमी आखडते. परंतु ज्या घरात सत्तरी ओलांडलेली माणसे आहेत, त्या घराची खरी परीक्षा तेव्हाच सुरू होते. रक्तदाबाच्या गोळ्या ढिगाऱ्याखाली गेलेल्या असतात, चष्मा फुटलेला असतो, श्रवणयंत्र हरवलेले असते आणि रोज विचारपूस करणारा शेजारी स्वतःच बेघर झालेला असतो. अशा वेळी समाजाची मदत ज्येष्ठांपर्यंत कशी पोहोचते आणि कुठे अडते, हे समजून घेण्यासाठी अमेरिकेतील जॉप्लिन या शहराचा अनुभव पाहण्यासारखा आहे.

२२ मे २०११ची संध्याकाळ

मिसुरी राज्यातील जॉप्लिन हे सुमारे ५० हजार वस्तीचे शहर. त्या रविवारी संध्याकाळी शहरावर टोर्नाडो आदळला. टोर्नाडो म्हणजे ढगापासून जमिनीपर्यंत पोहोचलेला, प्रचंड वेगाने फिरणारा हवेचा स्तंभ. आपल्या किनाऱ्यावर येणाऱ्या चक्रीवादळाची चाहूल दोन-तीन दिवस आधी लागते. टोर्नाडोची सूचना मात्र बहुधा काही मिनिटेच आधी मिळते. जॉप्लिनचा टोर्नाडो सर्वांत विध्वंसक अशा ‘ईएफ-५’ श्रेणीचा होता. सुमारे ३५ किलोमीटर लांबीचा पट्टा त्याने उद्ध्वस्त केला. दीडशेहून अधिक माणसे दगावली, हजाराहून अधिक जखमी झाली आणि सात हजारांहून अधिक घरांचे नुकसान झाले. मृतांमध्ये वृद्धांची संख्या मोठी होती; एका शुश्रूषागृहातील अनेक वृद्ध रहिवासी त्यात होते.

धोक्याचे भोंगे वाजले होते. तरीही अनेकांनी लगेच आसरा घेतला नाही, असे नंतरच्या सरकारी चौकशीत दिसून आले. भोंगे वारंवार वाजत आणि बहुतेक वेळा काहीच घडत नसे. त्यामुळे लोक आणखी एखाद्या खुणेची वाट पाहत राहिले. ज्याला उठून सुरक्षित जागी जायला इतरांपेक्षा अधिक वेळ लागतो, त्याला ही वाट पाहणे सर्वांत महागात पडते. म्हणून ज्येष्ठांनी आणि त्यांच्या काळजीवाहकांनी पहिल्या सूचनेलाच उठावे, हा या घटनेचा पहिला धडा.

रुग्णालयच जायबंदी झाले तेव्हा

टोर्नाडोच्या वाटेत शहरातील सेंट जॉन्स हे मोठे रुग्णालय आले. काचा फुटल्या, वीज गेली आणि पर्यायी जनित्रही बंद पडले. कृत्रिम श्वासोच्छ्वासावर असलेले पाच रुग्ण वाचू शकले नाहीत. उरलेल्या रुग्णांना कर्मचाऱ्यांनी अंधारात जिन्यांवरून खाली आणले. काहींना गाद्यांवर झोपवून उतरवावे लागले. बाहेर रुग्णवाहिका अपुऱ्या होत्या, तेव्हा सामान्य नागरिकांनी आपल्या मालवाहू गाड्या पुढे केल्या. सुमारे दीड तासात रुग्णालय रिकामे झाले. शहरातील दुसऱ्या रुग्णालयाने रात्रभर जखमींचा लोंढा सांभाळला आणि आठवड्याभरात उद्ध्वस्त रुग्णालयाशेजारी तंबूंतील तात्पुरते रुग्णालय उभे राहिले.

यातील एक तपशील प्रत्येक कुटुंबाने लक्षात ठेवावा. टोर्नाडोच्या केवळ तीन आठवडे आधी या रुग्णालयाने रुग्णांच्या नोंदी संगणकावर आणल्या होत्या. जुने कागद आणि क्ष-किरण चित्रे वाऱ्याबरोबर १०० किलोमीटरहून दूर जाऊन पडली. संगणकावरील नोंदी मात्र शाबूत राहिल्या. कोणाला कोणते औषध चालू आहे, कशाची ॲलर्जी आहे, हे नव्या डॉक्टरांना कळू शकले. आपल्या घरातील औषधांची फाइल एकाच कपाटात, एकाच प्रतीत असेल, तर तिचे भवितव्य त्या उडालेल्या कागदांसारखेच असू शकते.

मदतीची शिस्त

दुसऱ्या दिवसापासून जॉप्लिनकडे स्वयंसेवकांचा ओघ सुरू झाला. पुढील काळात तेथे लाखाहून अधिक लोक काम करून गेले. एवढे लोक एकाच वेळी आले की मदतीचीच अडचण होऊ शकते. स्थानिक विद्यापीठाच्या आवारात स्वयंसेवकांची नोंदणी होऊ लागली. कोणी कोणत्या भागात जायचे, कोणते काम करायचे, हे तेथे ठरे. त्याच विद्यापीठात बेघर झालेल्यांसाठी निवाराही होता.

ज्येष्ठांच्या दृष्टीने या नोंदणीला विशेष महत्त्व आहे. ढिगारा उचलायला धावणारे हात पुष्कळ असतात; परंतु ‘तिसऱ्या गल्लीतील आजींना रोज इन्सुलिन लागते’ ही माहिती कोणाकडे तरी लिहिलेली असावी लागते. मागितल्याशिवाय आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग अनेक आपत्तींनंतर साचतात आणि ते निवडण्यातच कार्यकर्त्यांचे दिवस जातात. त्याच वेळी प्रौढांचे डायपर, काठी, कवळी ठेवायची डबी किंवा मऊ भात यांची आठवण कोणालाच नसते. म्हणून मदत देण्यापूर्वी ‘आपल्याला काय हवे आहे?’ असे विचारावे आणि ज्येष्ठांनीही संकोच सोडून नेमके सांगावे.

जखम लहान, धोका मोठा

जॉप्लिनमधील काही जखमींना त्वचेचा व मांसपेशींचा गंभीर बुरशीजन्य संसर्ग झाला. माती आणि लाकडाचे तुकडे जखमेत खोल गेल्याने हा म्युकरमायकोसिस उद्भवला. १३ जणांना तो झाला आणि त्यांपैकी पाच दगावले. २०२१ साली कोविडनंतर ‘काळी बुरशी’ या नावाने हा आजार आपल्या परिचयाचा झाला. आपल्याकडे तो मुख्यतः मधुमेही रुग्णांच्या नाकात, सायनसमध्ये आणि डोळ्यांत दिसला, तर जॉप्लिनमध्ये तो जखमांतून शिरला. असा संसर्ग क्वचितच होतो. परंतु ढिगाऱ्यातील कोणतीही जखम वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवावी, डॉक्टरांना दाखवावी आणि धनुर्वाताच्या लसीबद्दल विचारावे. जखमेभोवतीची त्वचा काळपट पडली किंवा वेदना वाढत गेल्या, तर एक दिवसही थांबू नये. मधुमेही व्यक्तींनी तर पायांत भक्कम बूट असल्याशिवाय ढिगाऱ्याजवळ जाऊच नये.

न दिसणारी पडझड

जॉप्लिनने मनाच्या दुखापतींकडेही लक्ष दिले. समुपदेशक लोकांपर्यंत जाऊन बोलत राहिले आणि हे काम महिनोन्‌महिने चालले. शाळा ठरल्याप्रमाणे ऑगस्टमध्येच सुरू झाल्या. मोठ्या मुलांचे वर्ग चक्क एका मॉलमध्ये भरले. नवे रुग्णालय उभे राहण्यास मात्र २०१५ साल उजाडले. घर, शाळा, रुग्णालय आणि मन यांना सावरायला लागणारा काळ वेगवेगळा असतो.

ज्येष्ठांच्या बाबतीत दुःख अनेकदा बोलण्यातून व्यक्त होत नाही. झोप उडणे, जेवण कमी होणे, औषध घ्यायचे विसरणे, ‘आता मला काही नको’ असे वारंवार म्हणणे, या त्याच्या खुणा. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला निवाऱ्यातील गोंगाट आणि अनोळखी चेहरे फार त्रास देतात. तिच्याजवळ शक्यतो एकच ओळखीचे माणूस राहावे आणि चहा, अंघोळ, झोप यांच्या वेळा जमतील तितक्या पूर्वीसारख्या ठेवाव्यात.

आपल्या अंगणात

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा श्रीवर्धन-दिवेआगर परिसरातील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या आणि अनेक गावे दीर्घकाळ विजेविना राहिली. मुले मुंबईत आणि आईवडील गावी, अशी कोकणातील कितीतरी घरे आहेत. त्यात कोविडची टाळेबंदी होती. अशा प्रसंगी दूरच्या मुलांआधी जवळचा शेजारच धावून येतो. म्हणून पावसाळ्यापूर्वी पुढील तयारी करावी :

• किमान सात दिवसांची औषधे, जुना पण चालणारा चष्मा, श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या, विजेरी आणि शिटी एका जलरोधक पिशवीत ठेवावी. औषधांची मुदत दर तीन महिन्यांनी तपासावी.

• औषधांची नावे, मात्रा, ॲलर्जी आणि डॉक्टरांचा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहावा. एक प्रत पिशवीत, एक शेजाऱ्यांकडे आणि एक छायाचित्र मुलांच्या मोबाइलवर असावे.

• वीज गेल्यास इन्सुलिन ओल्या मातीच्या मडक्यात, प्लास्टिकच्या डबीत ठेवावे. ते पाण्यात बुडू देऊ नये. किती दिवस टिकेल, हे आधीच औषध विक्रेत्याला विचारून ठेवावे.

• घरी ऑक्सिजन यंत्र असल्यास पर्यायी सिलिंडरची सोय आणि जवळच्या रुग्णालयाचा रस्ता ठरवून ठेवावा.

• तातडीच्या मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि ज्येष्ठ नागरिकांच्या मदतवाहिनीसाठी १४५६७ हे क्रमांक दाराजवळ लावावेत.

• वाडीत, गल्लीत किंवा सोसायटीत एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी करावी आणि प्रत्येकासाठी एक शेजारी नेमावा.

ही यादी करण्याचे काम ज्येष्ठांनीच हाती घ्यावे, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. कोणाच्या घरी कोण आजारी आहे, कोणाला ऐकू कमी येते, कोणाचा मुलगा परगावी आहे, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असते? ज्यांना ढिगारा उचलता येत नाही, त्यांना दूरध्वनीवरून दहा घरांची चौकशी करता येते, निवाऱ्यातील घाबरलेल्या मुलांना गोष्ट सांगता येते, कार्यकर्त्यांना घरांचा पत्ता सांगता येतो. मदत घेणारे हातच मदत देऊ लागले, की त्या माणसाला आपण अजून कोणाच्या तरी उपयोगी आहोत, ही जाणीव होते. हा आधारही आरोग्याच्या दृष्टीने मोलाचा आहे.

पाऊस अजून दूर असेल, तर फारच उत्तम. आज दुपारीच कागद-पेन घ्या आणि पहिले नाव लिहा.