घर स्वतःचे, मुक्काम ९० दिवसांचा

स्पेनच्या भूमध्य किनाऱ्यावर, विशेषतः आलिकांते व मालागा परिसरात, हजारो ब्रिटिश नागरिकांनी निवृत्तीनंतरच्या दिवसांसाठी घरे घेऊन ठेवली आहेत. ब्रिटन युरोपीय संघात असेपर्यंत हिवाळ्याचे चार-पाच महिने तेथे काढण्यास व्हिसा लागत नसे. ३१ डिसेंबर २०२० रोजी ब्रेक्झिटचा संक्रमणकाळ संपला आणि ही मुभाही संपली.

आता कोणत्याही १८० दिवसांत, शेंगेन क्षेत्रातील सर्व देश मिळून, ९० दिवसच राहता येते. मालकी हक्काला धक्का लागलेला नाही. कर आणि देखभालीचा खर्चही वर्षभर चालूच असतो. परंतु १ नोव्हेंबरला गेलेल्या दांपत्याला २९ जानेवारीपर्यंत, म्हणजे ऐन थंडीत, घराला कुलूप लावून परतावे लागते. मोटारीने जाताना फ्रान्समध्ये केलेला मुक्कामही याच हिशेबात धरला जातो. पूर्वी पारपत्रावरील पुसट शिक्क्यांमुळे एखादा दिवस नजरेआड होत असेल. १२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर टप्प्याटप्प्याने बोटांचे ठसे व छायाचित्रासह संगणकीय नोंद सुरू झाली.

अधिक काळ राहायचे तर व्हिसा हवा. नोकरी न करता स्पेनमध्ये राहू इच्छिणाऱ्या एकट्या व्यक्तीला २०२५ मध्ये दरमहा सुमारे २,४०० युरोंचे उत्पन्न दाखवावे लागत होते. केवळ सरकारी निवृत्तिवेतनावर विसंबलेल्यांना हे शक्यच नाही. २०२० अखेरपूर्वी तेथे कायदेशीर वास्तव्य असलेल्यांचे हक्क मात्र माघार कराराने अबाधित राखले.

युरोपीय संघात स्थायिक झालेल्यांच्या ब्रिटिश सरकारी निवृत्तिवेतनात वार्षिक वाढ होतच राहते. ब्रिटनमध्ये उमेद घालवून भारतात परतलेल्यांना ती ब्रेक्झिटपूर्वीही मिळत नव्हती.