हातोडा बाजूला ठेवा

सत्तरच्या दशकातली शेव्हरले पिकअप नव्याने उभी करताना स्टिअरिंग कॉलम बहुधा बाहेर काढावाच लागतो. आधी बॅटरी सोडवायची, चाकं सरळ ठेवायची, स्टिअरिंगचा मधला नट काढायचा. तरीही स्टिअरिंग हलत नाही, कारण ते दांड्याच्या दात्यांवर वर्षानुवर्षं घट्ट बसलेलं असतं. इथेच हात हातोड्याकडे जातो, आणि इथेच तो आवरायला हवा.

पूर्वी समोरून धडक बसली की ताठ कॉलम चालकाच्या छातीत घुसायचा. जनरल मोटर्सने १९६७ च्या मोटारींत दबणारा कॉलम आणला. पुढे तो पिकअपमध्येही आला. त्यातला दांडा दोन तुकड्यांचा, दुर्बिणीसारखा एकात एक सरकणारा. प्लास्टिकच्या बारीक पिना त्याला जागेवर धरतात. अपघातात त्या तुटतात, कॉलम दबतो आणि धडकेची ऊर्जा त्यात जिरते. दांड्याच्या टोकावर बसलेल्या घावानेही त्या तुटू शकतात, आणि बाहेरून ते सहज दिसत नाही.

म्हणून स्टिअरिंग ओढून काढणारा पुलरच वापरा. खालचा रबरी जोड, गिअरचे दांडे, वायरिंग आधी सुटं करा. डॅशबोर्डखालचा ब्रॅकेट सगळ्यांत शेवटी, आणि तोही कॉलमला हाताचा आधार देऊनच. बाहेर आलेला कॉलम आडवा ठेवा, त्यावर रेलू नका, टोकावर आपटू देऊ नका.