बॅरलला मानवेल ते काडतूस

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक जिंकलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा हा मुलगा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता आणि सरावाला बालेवाडीच्या रेंजवर असायचा. पात्रता फेरीत ६० गोळ्यांत ६०० पैकी ५९० गुण मिळवूनही तो सातवा होता. फक्त आठ जण अंतिम फेरीत जातात. एवढ्या चुरशीच्या खेळात नेमबाजाचा श्वास, ट्रिगरवरचं बोट आणि मनाची स्थिरता यांबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. काडतुसं कशी निवडली, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही.

पिंपरी-चिंचवडमधल्या रहाटणीतून वाकडमार्गे बालेवाडी दुचाकीवर सहज गाठता येते. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेल्या शिवछत्रपती क्रीडासंकुलात २००८ साली राष्ट्रकुल युवा स्पर्धांची नेमबाजीही झाली. आपल्या भागातली बरीच मुलं आता एअर रायफल शिकू लागली आहेत. त्यातली काही पुढे .२२ रायफलीकडे वळतील. काडतुसांची पारख कशी करायची, हे त्यांच्या पालकांना वेळेत कळलं तर पैसा आणि उमेद दोन्ही वाचतील.

भरता येत नाही, म्हणून निवडायचं

अमेरिकेत आणि युरोपात शिकारी रायफल वापरणारे अनेक जण काडतुसं स्वतः भरतात. दारू ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत मोजतात (एक ग्रेन म्हणजे ६४.८ मिलिग्रॅम), गोळी किती खोल बसवायची ते बदलून पाहतात आणि आपल्या रायफलीला कोणता मेळ मानवतो ते शोधतात. आपल्याकडे ही पद्धत रुजली नाही. शिकारीचा खेळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने थांबला आणि काडतुसांचा सगळा व्यवहार १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या चौकटीत राहिला.

ऑलिंपिक रायफलीच्या .२२ काडतुसाची तर रचनाच वेगळी. त्यात पेट घेणारं रसायन पुंगळीच्या मधोमध नसून तळाच्या कडेत असतं. फायरिंग पिनचा ठोका त्या कडेवर बसतो आणि ती चेपते. त्यामुळे ही पुंगळी पुन्हा भरून वापरता येत नाही. कारखान्यातून येईल ते काडतूस वापरायचं. नेमबाजाच्या हातात उरते ती निवड.

कारखाने मोजकेच आहेत. इंग्लंडची एली, फिनलंडची लापुआ आणि जर्मनीची आरडब्ल्यूएस ही नावं प्रत्येक रेंजवर ऐकू येतात. कंपनी एक, नाव एक, किंमत एक, तरी लॉट, म्हणजे एका वेळी बनलेली खेप, बदलला की काडतूस बदलतं. कडेतलं रसायन किती एकसारखं पसरलं, शिशाच्या गोळीचा व्यास आणि तिच्यावरचा मेणाचा थर कसा आहे, यात मिलीमीटरच्या शतांशांचा फरक पडतो. बॅरलही तशीच. एकाच यंत्रावर, एकाच दिवशी काढलेल्या दोन बॅरली हुबेहूब सारख्या नसतात. म्हणून एका रायफलीत सोन्यासारखा चालणारा लॉट दुसरीत विखुरतो. 'सगळ्यात भारी काडतूस कोणतं?' या प्रश्नाला उत्तरच नाही. या बॅरलला कोणता लॉट मानवतो, एवढंच विचारता येतं.

सात मिलीमीटरचा हिशेब

स्पर्धेच्या .२२ काडतुसाची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमची असते. ती नळीतून सेकंदाला साधारण ३२५ ते ३३० मीटर वेगाने, ध्वनीच्या वेगापेक्षा थोडी कमी गतीने निघते. ५० मीटर जायला तिला सेकंदाचा सहावा भाग लागतो आणि तेवढ्यात ती सुमारे १२ सेंटिमीटर खाली येते. साइट लावताना हा झोक आधीच धरलेला असतो. पण दोन गोळ्यांच्या वेगात १० मीटरचा फरक पडला, तर झोकात जवळपास ७ मिलीमीटरचा फरक पडतो.

टार्गेटवर दहाचं वर्तुळ फक्त १०.४ मिलीमीटर व्यासाचं आहे. अंतिम फेरीत गुण दशांशात मोजतात. सर्वोच्च १०.९, आणि केंद्रापासून दर ०.८ मिलीमीटरला एक दशांश कमी. नेमबाजाचा नेम अगदी अचूक असला, तरी वेगातल्या त्या फरकाने त्याचा जवळपास एक गुण जाऊ शकतो. एलीच्या डब्यावर लॉट क्रमांकासोबत वेगही छापलेला असतो, पण ती सरासरी आहे. आपल्याला हवा तो गोळी-गोळीतला फरक, आणि तो सरासरीत दिसत नाही.

चाचणी

चाचणीत माणसाचा हात बाजूला काढावा लागतो. रायफल किंवा नुसती बॅरल भक्कम पकडीत आवळतात. नळीत आधीच्या काडतुसाचं मेण असतं, म्हणून नव्या लॉटच्या पहिल्या काही गोळ्या मोजायच्या नाहीत. त्या नळी 'बसवण्यासाठी' असतात. मग दहा गोळ्या सोडायच्या. इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर प्रत्येक गोळीचं केंद्र दिसतं. कागदी टार्गेट असेल, तर सगळ्यात दूरच्या दोन छिद्रांमधलं अंतर व्हर्नियरने मोजायचं. छिद्रांच्या बाहेरच्या कडांपासून मापलं असेल, तर त्यातून गोळीचा व्यास, ५.६ मिलीमीटर, वजा करायचा. हा झाला एक ग्रुप. असे ग्रुप प्रत्येक लॉटचे अनेक घ्यायचे आणि तारीख, तापमान, लॉट क्रमांक यांसह वहीत लिहायचे.

इथेच सगळ्यात मोठी फसगत होते. परदेशातले हाताने काडतुसं भरणारे शिकारी बहुधा तीनच गोळ्या सोडून लहानसा ग्रुप दाखवतात. अनेक नेमबाजही पाचांवर थांबतात. गोळ्या केंद्राभोवती नेहमीच्या पद्धतीने विखुरतात असं धरलं, तर तीन गोळ्यांचा ग्रुप सरासरीने दहाच्या ग्रुपच्या जेमतेम ६३ टक्के भरतो आणि पाचांचा सुमारे ८० टक्के. रायफल तीच, काडतूस तेच. दूर जाणारी गोळी अजून सुटलेली नसते, एवढंच.

दुसरी फसगत आणखी चोरटी. समजा, दहा लॉट तपासले आणि प्रत्येकाचा एकेकच ग्रुप घेतला. दहाही लॉट अगदी सारखे असले, तरी कुठला तरी एक सगळ्यात लहान दिसणारच. तो निव्वळ नशिबाने पहिला आला, आणि आपण त्याचे हजारो राउंड घेऊन बसलो! उपाय सोपा आहे. पहिल्या फेरीतले दोन-तीन लॉट बाजूला काढायचे आणि नव्या गोळ्यांनी, नव्या टार्गेटवर पुन्हा तपासायचे. दुसऱ्यांदाही जो पुढे राहिला, त्याच्यावर पैसे लावायचे.

हे आपल्याला येतं

हे गणित पिंपरी-चिंचवडला परकं नाही. भोसरी, आकुर्डी, चाकणच्या शॉप फ्लोअरवर इनकमिंग इन्स्पेक्शनला बसणाऱ्या माणसाला माहीत असतं की पहिला पीस मापात आला म्हणून लॉट पास होत नाही. वॉल्टर शूहार्टने १९२४ साली बेल कंपनीसाठी मांडलेले नियंत्रण-तक्ते आज इथल्या कितीतरी भिंतींवर टांगलेले आहेत. नेहमीची चढउतार कोणती आणि खरा बिघाड कोणता, हे त्यांवरून ओळखायचं. नदीपलीकडे खडकीत १८६९ पासून ॲम्युनिशन फॅक्टरी आहे, पाषाणला संरक्षण संशोधनाची एआरडीई ही संस्था आहे. काडतूस लॉटने तपासायचं, हे या परिसराला दीडशे वर्षांपासून ठाऊक आहे.

म्हणून माझं आपल्या भागातल्या पालकांना आणि प्रशिक्षकांना आग्रहाचं सांगणं आहे. सुरुवात छर्‍यांपासून करा. १० मीटर एअर रायफलचे छरे ४.४९, ४.५०, ४.५१ मिलीमीटर अशा डोक्याच्या मापांत मिळतात आणि तेही प्रत्येक बॅरलला वेगवेगळे मानवतात. मोठी खरेदी करण्याआधी निरनिराळ्या मापांचे थोडे थोडे घेऊन तपासा. .२२ च्या बाबतीत एकाच क्लबच्या नेमबाजांनी मिळून नमुन्याचे लॉट मागवावेत, प्रत्येकाने आपल्या बॅरलवर तपासावेत आणि वह्या एकमेकांना दाखवाव्यात. एकाला नको असलेला लॉट दुसऱ्याच्या रायफलीत उत्तम चालू शकतो. रायफल आवळायची पकड बनवणं भोसरीतल्या कुठल्याही चांगल्या टूलरूमला अवघड नाही.

चाचणीचा खरा फायदा मनाला होतो. २०१० मध्ये म्युनिकला कोल्हापूरची तेजस्विनी सावंत ५० मीटर प्रोनमध्ये ६०० पैकी ५९७ गुणांनी विश्वविजेती झाली. या पातळीवर एक नऊ आला की नेमबाजापुढे दोनच प्रश्न उरतात: मी चुकलो की काडतूस? ज्याने लॉट नीट तपासला आहे, त्याला दुसऱ्या प्रश्नावर एक क्षणही घालवावा लागत नाही. तो आपली चूक शोधतो, सुधारतो आणि पुढची गोळी भरतो. ही खात्री महागड्या डब्यासोबत विकत मिळत नाही, ती दहा-दहा गोळ्यांनी कमवावी लागते.