स्टेटस कोणापासून लपवलं, ते विचारा

केळझरच्या गणपतीला गेल्यावर काढलेला एकच फोटो घ्या. इन्स्टाग्रामवर फिल्टर लावून, घरच्या ग्रुपवर जसाच्या तसा, आणि व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला काका-मामांना वगळून. यातला खरा कुठला? प्रश्न असा धरलात की अडकलात. "तुम्ही ऑनलाइन खरे वागता का?" याला नाही कोण म्हणेल! त्यापेक्षा, हा फोटो कोणी बघू नये असं वाटलं, ते विचारा.

समोरचा बदलला की माणूस स्वतःला वेगळं मांडतो, त्यात लबाडी असतेच असं नाही, हे एर्विंग गॉफमनचं म्हणणं. त्याचं निरीक्षण महानगरातलं नव्हे, शेटलंडच्या एका बेटावरच्या छोट्या वस्तीतलं. १९५३ च्या प्रबंधात त्याने गावाला 'डिक्सन' हे खोटं नाव दिलं. (बीरियल अ‍ॅपने दोन मिनिटांत फोटो मागून खरेपणा डिझाइनमध्येच बसवायला पाहिला; उशिरा टाकायची सोय तिथेही आहेच.)

पण आपल्याकडे नाव बदलून भागत नाही. 'सेलूला कॉलेजात, घरचं किराणा दुकान' एवढं लिहिलं तरी गाव ओळखतं, आणि मामांपासून लपवलेलं तुमच्या प्रबंधातून मामांपर्यंत पोचतं. म्हणून कुठला तपशील गाळायचा, हे लिहून झाल्यावर तो उतारा त्या मुलीला दाखवूनच ठरवा.