मनीऑर्डर थांबल्यानंतरचं कोकण

२००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या सोळा टक्क्यांनी वाढली. त्याच दहा वर्षांत रत्नागिरी जिल्हा १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आला. सिंधुदुर्गातही माणसं घटली. मुंबई शहर जिल्हा सोडला तर राज्यात अशी घट दुसरीकडे कुठे झाली नाही.

कोकणी घराचं उत्पन्न शेतात कधीच पुरेसं पिकलं नाही. भात काही महिने पुरायचं, बाकीचा संसार गिरणगावातून येणाऱ्या मनीऑर्डरवर. घरधनी लालबाग-परळला गावकीच्या खोलीत. बायको गावात सासू-सासरे, गुरं आणि खाचरं सांभाळत राहायची. २०११ सालीही रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, त्यामागे मोठं कारण हेच. त्या बायकांच्या कष्टांचा हिशेब कोणी मांडला नाही. पण त्यांच्यामुळे शाळेत पोरं होती, गोठ्यात जनावरं होती आणि लावणीला हात होते.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि ही घडी मोडली. अनेक कामगार गावी परतले. त्यांची मुलं मात्र नालासोपारा, विरार, दिव्याला घरं करून बायकामुलांसह तिकडेच राहिली. १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. येणं जितकं सोपं झालं, तितकंच जाणंही. पैसा आजही येतो, पण तो चुलीसाठी नसतो. तो स्लॅबच्या घराला, देवळाच्या जीर्णोद्धाराला आणि गणपतीला लागतो.

संगमेश्वर-गुहागरकडच्या कुठल्याही वाडीत जा. चिऱ्याच्या नव्या घरांना कुलपं आणि जुन्या घराच्या पडवीत एखादी म्हातारी काजूच्या बिया निवडत बसलेली. तिचं मासिक उत्पन्न म्हणजे श्रावणबाळ योजनेचे दीड हजार, रेशनचे तांदूळ आणि मुलगा औषधाला पाठवील ते. खाली मळ्यात खाचरं पड आहेत. नांगराला बैल नाहीत. पॉवर टिलर मिळाला तरी लावणीला बाया नाहीत, आणि पिकलंच तर रानडुकरं ठेवत नाहीत. वरकस जमिनीवरची नाचणी तर कधीच गेली.

उत्पन्न नाही असं मात्र नाही. १९९० साली रोजगार हमीतून शंभर टक्के अनुदानावर फळबाग लागवड सुरू झाली आणि कातळावरसुद्धा कलमं उभी राहिली. आज हापूसच्या बागांत फवारणीपासून राखणीपर्यंत कामाला नेपाळी कुटुंबं असतात; कित्येक मच्छीमार बोटींवरही तेच. म्हणजे गावात काम आहे, मजुरीही आहे. गावचा तरुण ते का घेत नाही, याला आळस हे उत्तर देणं अन्यायाचं आहे. बाग बहुतेक वेळा दुसऱ्याची असते, आणि स्वतःच्या जमिनीवर त्याची एकट्याची सही चालत नाही.

माझ्या मते खरी गाठ इथे आहे. एका सातबाऱ्यावर पणजोबांपासूनची वीस-तीस नावं, त्यातली काही मयत, काहींचा पत्ता नाही. २०१८ साली सुरू झालेल्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेला सामाईक जमिनीवर सगळ्या खातेदारांची संमती लागते. पीककर्जालाही तोच अडसर. किसान सन्मानचे वर्षाला सहा हजार घ्यायचे तरी जमीन स्वतःच्या नावावर हवी. वारस नोंद राहिलेल्या विधवेला ते कसे मिळणार? जो गावात राहिला त्याला जमीन कसता येत नाही, आणि जो गेला त्याला ती विकायचीही नाही, कसायचीही नाही.

म्हणून मुंबईकर भावंडांना एकच विनंती. पुढच्या गणपतीला सगळे जमाल, तेव्हा आरतीनंतर एक दुपार सातबारा घेऊन बसा. मयतांच्या वारस नोंदींचे अर्ज तलाठ्याकडे द्या, आणि वाटप जमत नसेल तर निदान गावात राहणाऱ्या भावाला संमतीपत्र लिहून द्या.